बीपीच्या गोळीमागे ब्राझीलचा विषारी साप. विषाचा अर्क घेऊन लंडनला गेलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट

तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर रोज दिसणारं दृश्य. माणूस खिशातून रिकामी पट्टी काढतो, "हीच द्या, बीपीची" म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. पट्टीवर काय लिहिलंय हे फार कुणी वाचत नाही. पण एकदा चष्मा लावून वाचाच. नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल (एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल), तर त्या गोळीचं मूळ थेट दक्षिण अमेरिकेतल्या एका विषारी सापापर्यंत जातं. शेवटी 'सार्टन' असेल (लोसार्टन, टेल्मिसार्टन), तर ती त्याच घराण्यातली, नंतर जन्मलेली चुलत बहीण समजा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण "बीपीच्या गोळीत सापाचं विष असतं" असले मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला वेळ लागत नाही. गोळीत विषाचा कणही नसतो. ती कारखान्यात रसायनांपासून बनते. सापाने फक्त वाट दाखवली. ती वाट ज्याला दिसली, त्या माणसाचं नाव सर्जिओ फरेरा.

चावला की रक्तदाब पाडणारा साप

ब्राझीलच्या दक्षिण भागात जराराका नावाचा साप आहे. शेतात, गवतात, कोठारांच्या आसपास सापडणारा. आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर जो हिरवा चापडा दिसतो, तो आणि जराराका एकाच गटातले. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगी असते आणि तिने त्यांना उंदराच्या अंगाची ऊब अंधारातही कळते. जराराका चावला की जागा सुजते, रक्त गोठेनासं होतं आणि रक्तदाब एकदम खाली येतो. सापाच्या दृष्टीने सोय चांगली आहे. रक्तदाब पडला की भक्ष्य पळू शकत नाही, चार पावलांवर कोसळतं.

हा दाब पडतो कसा, याचा शोध साओ पाउलो शहरात मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि विल्सन बेराल्डो हे शास्त्रज्ञ घेत होते. सर्पविषावर काम करणाऱ्या बुतांतान संस्थेतले गास्ताओ रोझेनफेल्ड यांच्याकडून विष आलं. १९४८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या रक्तात हे विष मिसळलं की रक्तातच एक नवा पदार्थ तयार होतो. तो विषातून येत नाही. विष फक्त काडी लावतं, पेटतं ते रक्तातलंच काहीतरी. या पदार्थाने रक्तवाहिन्या सैल पडत होत्या, आणि गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा हळूहळू आकसत होता. 'हळू' आणि 'हालचाल' या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिलं ब्रॅडिकिनिन.

शरीरात एखाद्या निरोप्यासारखं काम करणाऱ्या अशा पदार्थांना साध्या भाषेत हार्मोन म्हणतात. काही हार्मोन ग्रंथीतून निघून दूरवर जातात, तर ब्रॅडिकिनिनसारखे काही जागच्या जागी तयार होतात आणि जागच्या जागी संपतात. ब्रॅडिकिनिन तर फारच अल्पायुषी. रक्ताबरोबर एकदा फुफ्फुसातून फिरून आलं की जवळजवळ सगळंच नाहीसं होतं, तेही काही सेकंदांत.

फरेरांना पडलेला प्रश्न

सर्जिओ फरेरा यांचा जन्म १९३४ चा, साओ पाउलो राज्यातल्या फ्रांका गावचा. रिबेराओ प्रेतो इथे ते डॉक्टर झाले आणि तिथेच रोशा ए सिल्वा यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. त्यांनी धरलेला प्रश्न वरवर साधा होता. ब्रॅडिकिनिन जर इतक्या लवकर मोडतं, तर सापाला त्याचा एवढा फायदा कसा होतो? म्हणजे विषात आणखी काहीतरी असणार, जे ब्रॅडिकिनिनला मोडू देत नसणार.

आणि तसंच निघालं. जराराकाच्या विषातून त्यांनी एक अर्क वेगळा केला. नुसता अर्क दिला तर विशेष काही होत नव्हतं. पण ब्रॅडिकिनिनबरोबर दिला की त्याचा जोर कितीतरी वाढायचा आणि जास्त वेळ टिकायचा. हे निष्कर्ष १९६५ मध्ये छापून आले. फरेरा तेव्हा तिशी नुकती ओलांडलेले होते. त्यांच्या हातात काय आलंय, हे अजून त्यांनाही पुरतं कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाला किडनी

इथे थोडं मागे जावं लागतं. रक्तदाब वाढतो कसा, याचा वेगळाच शोध जगाच्या दुसऱ्या टोकाला फार आधीपासून चालू होता.

१८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाची किडनी वाटून तिचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला. रक्तदाब वाढला. त्या पदार्थाला त्यांनी नाव दिलं रेनिन. पुढे तीसेक वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीला रक्त नेणारी नळी चिमट्याने थोडी आवळली, आणि कुत्र्याचा रक्तदाब वाढून तसाच राहिला. तोवर बहुतेकांचा समज होता की बीपीमुळे किडनी खराब होते. इथे उलटंही घडताना दिसलं, किडनीच बीपी वाढवत होती.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नसेल तर माणूस काय करतो? मोटार जोरात चालवतो, मधले व्हॉल्व्ह आवळतो आणि टाकीत पाणी वाढवतो. किडनी हा शरीरातला शेवटचा वाफा समजा. तिथे रक्त कमी पडलं की किडनी रेनिन सोडते. लिव्हरमधून रक्तात आलेलं एक लांबलचक प्रथिन असतं, मण्यांच्या माळेसारखं. रेनिन त्या माळेचं टोक कापून दहा मण्यांचा एक तुकडा वेगळा करतं. हा तुकडा जवळजवळ निरुपद्रवी असतो. मग दुसरी एक कात्री येते, त्यातले शेवटचे दोन मणी छाटते, आठ उरतात. हा आठ मण्यांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-दोन, आणि खरा दांडगा तोच. तो रक्तवाहिन्या आवळतो. तहान वाढवतो. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला तो अल्डोस्टेरॉन नावाचं आणखी एक हार्मोन सोडायला लावतो. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ बाहेर टाकू नकोस, धरून ठेव. मीठ थांबलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की दाब वाढतो.

जखम होऊन रक्त गेलं, जुलाब-उलट्या झाल्या, भर उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी आटलं, अशा वेळी हीच साखळी माणसाला जगवते. तिच्याशिवाय भागतच नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा गरज नसताना ती चालू राहते, वर्षानुवर्षं, आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

या हार्मोनच्या नावाची गंमतही सांगण्यासारखी आहे. १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्समध्ये एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस यांच्या गटाने आणि अमेरिकेत अर्विन पेज यांच्या गटाने ते वेगवेगळं शोधलं. एकाने नाव ठेवलं हायपरटेन्सिन, दुसऱ्याने अँजिओटोनिन. कुणी माघार घेईना. शेवटी १९५८ मध्ये तडजोड झाली. एकाच्या नावाचा पुढचा भाग, दुसऱ्याच्या नावाचा मागचा, आणि झालं अँजिओटेन्सिन. दोन पाहुण्यांनी मिळून बाळाचं नाव ठेवावं तसं. दोन मणी छाटणारी ती कात्री अमेरिकेतल्या लिओनार्ड स्केग्ज यांनी १९५६ मध्ये ओळखली. डॉक्टर तिला 'एस' म्हणतात.

एकच कात्री, दोन कामं

फरेरा विषाचा अर्क घेऊन लंडनला गेले, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत. वेन यांचं लक्ष तेव्हा अँजिओटेन्सिनवर होतं. तो आठ मण्यांचा तुकडा मुख्यतः फुफ्फुसात तयार होतो, हे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं होतं. ब्रॅडिकिनिनही फुफ्फुसातच मोडतं, हे फरेरा आणि वेन यांनी दाखवलं. वेन म्हणाले, तुझा अर्क त्या कात्रीवर टाकून बघ. फरेरांचा जीव ब्रॅडिकिनिनमध्ये अडकलेला, त्यांनी आपलं काम चालूच ठेवलं. मग हा प्रयोग वेन यांच्याच प्रयोगशाळेतल्या वाय. एस. बखले यांनी केला. आडनाव मराठी कानाला ओळखीचं आहे.

सापाच्या अर्काने कात्री बोथट केली. अँजिओटेन्सिन-दोन बनेना.

इथे दोन्ही धागे एकत्र येतात. रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन तयार करणारी आणि त्या सैल करणारं ब्रॅडिकिनिन मोडणारी कात्री एकच आहे. जराराकाचं विष ती एक कात्री बंद करतं आणि दोन्हीकडून मारा करतं. आवळणारा बनत नाही आणि सैल करणारा मरत नाही. सापाच्या विषात ही युक्ती माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

वेन हे स्क्विब या अमेरिकन औषध कंपनीचे सल्लागार होते. त्यांनी कंपनीला हे काम हाती घ्यायला लावलं. त्या काळी अनेक डॉक्टरांना वाटायचं की रेनिनचा दोष मोजक्याच रुग्णांत असतो, त्यामुळे अशा औषधाला गिऱ्हाईक किती मिळणार, ही शंका होतीच. कंपनीतले डेव्हिड कुशमन आणि अर्जेंटिनातून आलेले मिगेल ओंदेत्ती यांनी विषातला नऊ मण्यांचा एक तुकडा ओळखून प्रयोगशाळेत तयार केला. त्याचं नाव टेप्रोटाइड. रुग्णांना सुईतून दिला तर बीपी उतरायचं. पण तोंडाने घेतला तर उपयोग नाही, कारण पोटाला तो डाळीतल्या प्रथिनासारखाच, पचवून मोकळा. रोज सुई घेणार कोण?

म्हणून दोघांनी विषाची नक्कल सोडून कात्रीचाच अभ्यास केला. तिच्या पात्याच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो. तेच जस्त, जे आपण झिंक म्हणून पिकाला देतो. त्या जस्ताला घट्ट पकडून बसेल असा छोटासा रेणू त्यांनी १९७५ मध्ये बनवला. तो पोटात टिकला. त्याचं नाव कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सुरुवातीला डोस जास्त दिले जात, त्यामुळे तोंडाची चव जाणं, अंगावर पुरळ येणं असले त्रास व्हायचे. डोस कमी झाले, पाठोपाठ एनालाप्रिल आलं, आणि मग 'प्रिल' ची रांगच लागली. १९९५ मध्ये लोसार्टन बाजारात आलं. 'सार्टन' ची पद्धत वेगळी. ते कात्रीला हातच लावत नाहीत. अँजिओटेन्सिन ज्या कुलपात चावीसारखं बसतं, त्या कुलपात आधीच जाऊन बसतात.

या औषधांनी बीपीपलीकडेही काम केलं. १९८७ मध्ये हार्ट फेल्युअरच्या गंभीर रुग्णांवरच्या अभ्यासात एनालाप्रिल घेणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले. १९९३ मध्ये शुगरमुळे किडनी बिघडत चाललेल्या रुग्णांत कॅप्टोप्रिलने ती घसरण मंदावते, हे दिसलं. शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाला डॉक्टर बऱ्याचदा याच घराण्यातली गोळी का देतात, त्याचं कारण हे.

गोळीचं पेटंट अमेरिकन कंपनीचं झालं. कुशमन आणि ओंदेत्ती यांना १९९९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. वेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्याच कामासाठी. साप ब्राझीलचा, पहिला धागा ब्राझीलच्या तरुणाचा, आणि गोळी मात्र परक्या देशाची. फरेरा मायदेशी परतले, रिबेराओ प्रेतोत वेदनेवर संशोधन करत राहिले, ब्राझीलच्या विज्ञान संस्थेचे अध्यक्षही झाले. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

खोकला कुठून येतो?

ही सगळी गोष्ट माहीत असण्याचा रोजच्या जगण्यात उपयोग आहे, आणि तो खोकल्यापासून सुरू होतो.

'प्रिल' ची गोळी सुरू केलेल्या काही जणांना कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, पण रात्री ढास थांबत नाही. माणूस खोकल्याची बाटली आणतो, हळद-दूध पितो, एक्स-रे काढतो. बीपीच्या गोळीवर कुणाचा संशय जात नाही. कारण मात्र वर येऊन गेलेलंच आहे. कात्री बंद झाली की ब्रॅडिकिनिन मोडत नाही, ते साठतं आणि श्वासनळीला खवखव करतं. उपाय सोपा आहे. डॉक्टरांना सांगितलं की ते 'प्रिल' बदलून 'सार्टन' देतात, आणि खोकला साधारण काही आठवड्यांत जातो. सार्टन कात्रीला हात लावत नसल्याने ब्रॅडिकिनिन साठत नाही. खोकला आला म्हणून परस्पर गोळीच बंद करणं, हे मात्र चुकीचं. क्वचित एखाद्याला ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तेव्हा वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा, श्वास अडकू शकतो.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. कांदा काढणी, ऊसतोड, लावणी, दिवसभर वाकून काम केल्यावर गुडघे-कंबर धरतात आणि किराणा दुकानातही मिळणारी गोळी सर्रास घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अशा वेदनाशामक गोळ्या शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनू देत नाहीत. ऍस्पिरिनही याच वाटेने काम करतं, हे १९७१ मध्ये वेन यांनी दाखवलं आणि त्या कामात फरेराही सोबत होते. वेन यांचं नोबेल प्रोस्टाग्लँडिनसाठीच होतं. पण किडनीला रक्त नीट मिळण्यासाठी हे पदार्थ लागतात. ते बंद झाले की मीठ-पाणी अंगात साठतं आणि बीपी चढतं. म्हणजे एका हाताने उतरवायचं आणि दुसऱ्या हाताने चढवायचं. वर 'प्रिल' किंवा 'सार्टन' चालू, लघवी वाढवणारी गोळीही चालू आणि अंगात पाणी कमी, असं सगळं जुळून आलं तर किडनीला मोठा दणका बसतो. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ऍस्पिरिनची छोटी गोळी हा वेगळा विषय, ती मनाने थांबवायची नाही. रोजच्या दुखण्यावर काय घ्यायचं, ते आरोग्य केंद्रात बीपीची पट्टी दाखवून विचारावं.

तिसरी गोष्ट मिठाची. हल्ली 'बीपीवाल्यांसाठी' म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. काहींना ते चालतं. पण 'प्रिल' आणि 'सार्टन' मुळे अल्डोस्टेरॉन कमी होतं, आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचं काम त्याच अल्डोस्टेरॉनचं. किडनी आधीच अशक्त असेल तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हे मीठ विचारल्याशिवाय नको. साधं मीठच कमी करणं केव्हाही सुरक्षित. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचासुद्धा नाही. त्यात भाजीतलं, भाकरीतलं, लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं.

चौथी आणि सगळ्यात जपून वाचायची गोष्ट. गरोदर बाईने 'प्रिल' किंवा 'सार्टन' घ्यायची नसते. पोटातल्या बाळाच्या किडनीची वाढ याच हार्मोनवर अवलंबून असते, आणि या गोळ्यांनी ती बिघडू शकते. घरात सासूची आणि सुनेची गोळी एकाच डब्यात असते. "तुझंही बीपी वाढलंय ना, मग माझीच घे" असं मायेने म्हटलं जातं. गरोदरपणातल्या बीपीला वेगळी औषधं आहेत आणि ती डॉक्टरच देतात. आधीपासून ही गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले, किंवा तसा विचार असेल, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं.

आणि जुलाब-उलट्या झाल्या तर? तेव्हा अंगातलं पाणी घटलेलं असतं, आणि दाब टिकवणारी साखळी गोळीने बांधून ठेवलेली असते. चक्कर येऊन माणूस पडू शकतो. अशा दिवशी गोळी घ्यायची की थांबवायची, हे फोन करून विचारावं, आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही त्याच वेळी विचारून घ्यावं. नाहीतर थांबलेली गोळी थांबलेलीच राहते.

गोळी सोडणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, "आता बीपी नॉर्मल आलंय." ते नॉर्मल आलंय गोळीमुळे. गोळी कात्री मोडून टाकत नाही, दिवसभरासाठी बंद ठेवते. शरीर नवी कात्री बनवत राहतं, गोळीचा अंमल उतरतो आणि साखळी पुन्हा चालू होते. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून कळत नाही इतकंच.

मोजायला आरोग्य उपकेंद्रात पैसे लागत नाहीत. मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे येत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्यायच्या, अंगदुखीच्या आणि आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या पुड्यासुद्धा.